‘इतर’ नावाची फाइल

शुश्रूषागृहाचा सर्व्हर तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीला लागून होता. कुणी ठरवून तो तिथे ठेवला नव्हता. इमारत बांधली तेव्हा सर्व्हर हे काय प्रकरण असतं ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक झालं तेव्हा वरच्या मजल्यांवर एकही कोपरा रिकामा उरला नव्हता. मग जुन्या गाद्या ठेवायची खोली झाडून घेतली आणि तिथे एक लोखंडी कपाट, दोन पंखे आणि एक टेबल आणून टाकलं. भिंतीपलीकडे धुलाईची यंत्रं दिवसभर घरघरत. साबणाचा आणि ओल्या चादरींचा वास दाराच्या फटीतून आत येई आणि संध्याकाळपर्यंत केसांत मुरे.

बारकीला अशा खोल्यांचं वावडं नव्हतं. घरातलं शेंडेफळ म्हणून लहानपणी चिकटलेलं हे नाव चाळिशी आली तरी सुटलं नव्हतं, आणि दुसऱ्यांचे सर्व्हर दुरुस्त करण्यात तिची अर्धी हयात अशाच बिनखिडकीच्या खोल्यांत गेली होती. या वेळी मात्र ती कामावर आली नव्हती. ती वहिनीसाठी आली होती.

वहिनी याच शुश्रूषागृहात परिचारिका होती. आई गेल्यावर बारकीच्या वेण्या घालण्यापासून तिच्या परीक्षांना रात्री जागण्यापर्यंत सगळं वहिनीने केलं. पुढे दादाही गेला आणि घरात नणंद-भावजय दोघीच राहिल्या. लोकांना त्या बहिणी वाटत आणि दोघीही लोकांचा समज दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नसत. आता वहिनी घरी बसून होती. तिला कामावर येऊ नका म्हणून सांगितलं होतं. रोज सकाळी ती गणवेशाला इस्त्री करायची आणि पुन्हा कपाटात टांगून ठेवायची. बारकीला ते बघवत नसे.

झालं होतं असं. कोपऱ्याच्या खोलीत चित्रकलेचे एक निवृत्त मास्तर होते. कंबरेचं हाड मोडलेलं. कुशीवर वळायलाही माणूस लागे. एका दुपारी ते गेले. वय झालं होतं, कुणी फार काही बोललं नसतं. पण मास्तरांच्या मुलाने सर्व्हरवरचा लॉग मागून घेतला. सर्व्हरवर चालणारा प्रत्येक प्रोग्राम आपण काय केलं ते ओळीओळीने लिहून ठेवतो, त्याला लॉग म्हणतात. त्या दुपारच्या लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा आली होती: ‘घंटी – कोपऱ्याची खोली – बोलावणं’. आणि त्या दुपारी त्या मजल्यावर वहिनी होती.

“माझे वडील घंटी वाजवून वाजवून गेले,” मुलगा म्हणाला, “आणि ही बाई बसून होती.”

“घंटी वाजलीच नाही,” वहिनी म्हणाली. पहिल्या दिवशीही हेच म्हणाली आणि नंतर विचारलं तेव्हाही हेच. पण मुख्य परिचारिकेने, म्हणजे सगळे ज्यांना मोठ्या बाई म्हणत त्यांनी, हात झटकले. यंत्राला खोटं बोलून काय मिळणार, असं त्यांचं म्हणणं.

घरी मात्र वहिनी एकदा भांडी पुसता पुसता थांबली. “त्यांच्या पायांत चपला होत्या गं,” ती म्हणाली. “चादरीखाली. आणि शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. सकाळी मीच अंग पुसलं होतं, तेव्हा अंगात साधा गंजिफ्रॉक होता.”

“मुलाने घातल्या असतील नंतर.”

“मुलगा मागाहून आला.” एवढं बोलून तिने ताट जागेवर ठेवलं. बारकीने ते तिथेच सोडून दिलं. तिला चपलांशी घेणंदेणं नव्हतं. तिला लॉग पाहायचा होता.

व्यवस्थापक हा नाकासमोर चालणारा, चारचौघांत आवाज न चढवणारा गृहस्थ होता. बारकी फुकट काम करून देतेय म्हटल्यावर त्याने लगेच किल्ली काढून दिली, आणि ती काय करतेय ते बघायला स्वतःही खाली येऊन बसला.

सर्व्हरवर चार प्रोग्राम चालत होते. एक खोल्यांमधल्या घंट्या सांभाळायचा, एक औषधांचं कपाट, एक दारं, आणि एक नातेवाइकांच्या भेटी. बारकीने जेमतेम तासभर पाहिलं आणि ती मागे रेलून हसली.

“काय झालं?” व्यवस्थापक दचकला.

“हा सर्व्हर बसवणाऱ्या आधीच्या माणसाने चौघांना मिळून एकच पेन दिलंय,” ती म्हणाली. “लिहायची व्यवस्था चौघांची वेगवेगळी हवी. याने ती एकाच ठिकाणी, सामाईक ठेवलीय. सर्व्हर चालू झाला की जो प्रोग्राम आधी उठेल तो पेन पकडतो, आणि मग बाकीच्यांनी काही लिहिलं तरी सही त्याची. त्या दिवशी घंटीवाला आधी उठला. म्हणून दिवसभर सगळ्या ओळींवर ‘घंटी’ लिहिलंय. हे बघा, औषधाचं कपाट उघडलं तरी घंटी. मागचं दार लागलं तरी घंटी.”

“म्हणजे मास्तरांनी घंटी वाजवली नव्हती?”

“ते अजून सांगता येत नाही. चौघांची वाटणी करते. मग सांगते.”

वाटणी काही अवघड नव्हती. प्रत्येकाला स्वतंत्र व्यवस्था, स्वतंत्र नाव, स्वतंत्र फाइल. चार फाइली झाल्यावर तिने पाचवी केली आणि तिला नाव दिलं ‘इतर’. ही तिची जुनी सवय. वाटणी कितीही चोख केली तरी एक जादाची फाइल ठेवायची. ज्या ओळीला कुणी वाली नाही ती त्यात जाऊन पडेल. ती फाइल रिकामी राहिली की समजायचं, काम फत्ते. तिच्या सगळ्या सर्व्हरवर ‘इतर’ होती आणि सगळीकडे रिकामी होती.

मग तिने सर्व्हर पुन्हा चालू केला. चारही फाइली आपापल्या ओळींनी भरू लागल्या, शिस्तीत, शाळेतल्या रांगांसारख्या. बारकीला बरं वाटलं. व्यवस्थापक वर गेला.

‘इतर’मध्ये एक ओळ पडली होती.

‘जिन्यालगतची खोली – बोलावणं’.

बारकीने भुवया उंचावल्या. तेवढ्यात धुलाईच्या मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. दोन्ही हातांत ओल्या चादरींचा बोळा, कोपरांवरून पाणी ठिबकत होतं.

“मला हाक मारलीत का?”

“नाही हो मावशी.”

“कुणीतरी मारली,” मावशी म्हणाल्या आणि जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या. “की ती हाक मला नव्हतीच...” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. यंत्राची शिटी वाजली तशा त्या परत गेल्या.

ओळ पुन्हा पडली. बारकी उठली आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली. जिन्यालगतच्या खोलीत एक आजी होत्या, हे तिला वहिनीच्या बोलण्यातून माहीत होतं. खोलीचं दार सताड उघडं होतं आणि आत कुणीच नव्हतं. अंथरूण नीट लावलेलं. घंटीची दोरी उशीला बांधलेली, दारावरचा दिवा विझलेला. आजी समोरच्या सज्ज्यात, चाकांच्या खुर्चीवर उन्हात बसल्या होत्या आणि त्यांची मुलगी त्यांची नखं कापत होती.

“आजी, तुम्ही घंटी वाजवली का आत्ता?”

“इथे बसून?” आजी म्हणाल्या. “माझा हात एवढा लांब असता तर मी मुलीला कशाला बोलावलं असतं?” मुलगी हसली. मग आजींनी मान किंचित वळवली, जिन्याकडे. “तुमच्याबरोबर कोण आलंय?”

“कुणी नाही.”

“असं होय.” आजी पुन्हा आपल्या बोटांकडे बघू लागल्या.

बारकी धावतच खाली आली. तिला नाचावंसं वाटत होतं. घंटी वाजलेली नाही, खोलीत माणूस नाही, घंटीच्या फाइलीत अक्षर नाही; आणि तरीही ‘बोलावणं’ अशी ओळ येते. म्हणजे ही ओळ घंटीची नव्हतीच. मास्तरांच्या वेळीही नव्हती. सर्व्हरमध्ये कुठेतरी काहीतरी गंजलंय, ते मनाला येईल तेव्हा ही ओळ लिहितंय, आणि सामाईक पेनामुळे ती घंटीच्या नावावर खपून गेली. वहिनी पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती.

व्यवस्थापकाने दोन्ही फाइली डोळ्यांनी पाहिल्या, आजींच्या खोलीत स्वतः जाऊन आला आणि त्याचा जीव भांड्यात पडला. यंत्राची चूक म्हणजे कुणाचीच चूक नाही. “उद्या दुपारी मास्तरांच्या मुलाला बोलावतो,” तो म्हणाला. “त्याच्यासमोर हे असंच दाखवा. फक्त तोवर काही बदलू नका हं. पुन्हा सगळं एकत्र झालं तर मला काही सांगता येणार नाही.”

दुसऱ्या दिवशी वहिनी गणवेश घालून बारकीबरोबर निघाली. फाटकापाशी आल्यावर तिने बारकीच्या खांद्यावरचा धागा उचलून टाकला. मोठ्या बाईंनी तिला पाहून मान डोलावली. माफी मागायचा त्यांचा पिंड नव्हता, पण किल्ल्यांचा जुडगा त्यांनी स्वतःहून पुढे केला.

बारकी खाली उतरली. आता तिला ती गंजकी जागा शोधायची होती. मुलगा विचारणार, ‘मग ही ओळ लिहितं कोण?’ त्याला उत्तर हवं होतं, आणि खरं तर तिलाही. तिने मोठ्या बाईंना सांगून थोडा वेळ मागून घेतला; तेवढ्या वेळात मजल्यांवर माणसं उभी राहिली आणि बारकीने चारही प्रोग्राम एकामागून एक बंद केले. भेटी, दारं, औषधं, शेवटी घंटी. पडद्यावर काही हलेना.

मग ‘इतर’मध्ये ओळ पडली. जिन्यालगतची खोली.

पलीकडे मावशींचा आवाज आला, “आं?” आणि मग पाण्याचा नळ बंद झाल्याचा आवाज.

बारकीने चौघांना घाईने पुन्हा चालू केलं. सगळा सर्व्हर बंद करणं शक्य नव्हतं. वरच्या माणसांचा जीव त्या घंट्यांवर अवलंबून होता. तिला एक गोष्ट आठवली: आधीच्या माणसाने जागा वाचवायला ओळी तोकड्या ठेवल्या होत्या. पूर्ण ओळीत कोठून, कुठे, आणि उत्तर मिळालं की नाही, असे तीन रकाने असतात. याने फक्त खोलीचं नाव ठेवलं होतं. रकाना कुठलाही असो, त्यात जी खोली दिसेल ती. तिने ‘इतर’साठी पूर्ण ओळ सुरू केली आणि वाट पाहत बसली.

वाट फार पाहावी लागली नाही.

‘कोठून:            कुठे: जिन्यालगतची खोली            उत्तर: नाही’.

ती ओळ तिने बराच वेळ वाचली. बोलावणं जिन्यालगतच्या खोलीतून येत नव्हतं. ते त्या खोलीला जात होतं. आणि ज्या रकान्यात बोलावणाऱ्याचं नाव हवं तो कोरा होता. चुकून राहिलेला नव्हे. तिथे रकाना होता, मोजून जागा सोडलेली होती, आत काही नव्हतं.

मास्तरांनी कुणाला बोलावलं नव्हतं. मास्तरांना कुणीतरी बोलावत होतं. दुपारभर.

दुसरी ओळ पडली.

‘कोठून:            कुठे: जिन्यालगतची खोली            उत्तर: मिळालं’.

बारकी वर पोचली तेव्हा वहिनी आधीच त्या खोलीत होती. आजी पलंगावर सरळ निजल्या होत्या. केस विंचरून अंबाडा घातलेला, सज्ज्यात बसताना घ्यायची शाल खांद्यांवर नीट. वहिनीने त्यांचं मनगट हळूच खाली ठेवलं. “आत्ताच गेल्या,” ती म्हणाली. “औषध देऊन मी शेजारच्या खोलीत वळले तेवढ्यात.” मग तिने चादरीचं टोक उचललं, पाहिलं, आणि बारकीलाही पाहू दिलं. आजींच्या पायांत चपला होत्या.

दोघी जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. खालून साबणाचा वास येत होता. बारकीने वहिनीला सगळं सांगितलं. एरवी ती जशी दुसऱ्यांना समजावते तसं समजावून सांगायला गेली आणि मध्येच तिची वाक्यं विस्कटली.

“मी वाट मोकळी करून दिली, वहिनी. सगळं एकत्र होतं तेव्हा त्याची हाक बाकीच्यांच्या गलक्यात बुडत होती. मास्तरांना दुपारभर बोलवावं लागलं. आजींना कितीशा हाका लागल्या? आता त्याला स्वतःचं पेन आहे, मीच दिलंय. पुढच्याला एकच पुरेल.”

“मग परत एकत्र कर.”

“केलं तर पुरावा जाईल. मुलगा यायचाय. आणि आज पुन्हा तुझ्याच मजल्यावर...”

वहिनी घाबरलेली होती, हे बारकीला तिच्या हातांवरून कळलं. गणवेशाचा खिसा ती मुठीत धरून उभी होती. मग ती म्हणाली, “मी खरं बोलले होते, हे तुला ठाऊक आहे ना? बास झालं मला तेवढं. तू तुझ्या मनाला पटेल ते कर, बाळा.”

बाळा म्हटलं नसतं तर कदाचित बारकीने सगळं एकत्र केलं असतं. जिना उतरताना तिच्या डोळ्यांसमोर रोज सकाळी इस्त्री होऊन कपाटात जाणारा तो गणवेश होता. ते पुन्हा नाही, असं तिने ठरवून टाकलं. माणूस गेलं तर वहिनीवर बोल आणि माणसं वाचवायची तरी वहिनीवरच बोल, असं चालायचं नाही. तिसरा काहीतरी रस्ता असलाच पाहिजे.

टेबलाशी बसता बसता तो तिला सुचला. चौघांच्या फाइली तशाच राहू द्यायच्या. मुलाला दाखवायला कालच्या ओळी उतरवून घ्यायच्या. आणि ‘इतर’ बंद करून टाकायची. लिहायला जागाच नसेल तर लिहिणार कशात?

तिने ओळी उतरवून घेतल्या आणि मुलाला दाखवायला वर व्यवस्थापकाकडे पाठवून दिल्या. मग ‘इतर’ची व्यवस्था पुसली, फाइलही पुसली, आणि जपून, एकेक अक्षर पाहून, सगळं पुन्हा चालू केलं.

चार फाइली. चारही आपापल्या जागी चालू. पाचवी नाही.

ती पडद्याकडे बघत बसली. वर मास्तरांचा मुलगा आला असावा. खुर्च्या सरकल्याचे, पुरुषी बोलण्याचे आवाज झिरपत होते. पलीकडे मावशी काहीतरी गुणगुणत होत्या. त्यांना कुणी हाक मारली नाही. बारकीचे खांदे हळूहळू सैल झाले. तिला भूक लागल्याचं जाणवलं, आणि त्या साध्या भुकेचाही तिला आनंद झाला.

या आनंदात ती एक गोष्ट विसरली. तिच्या धंद्यातला प्रत्येक नवशिका कधी ना कधी हीच चूक करतो. फाइल काढून घेतली म्हणून लिहिणारा थांबत नाही. त्याला फाइल मिळाली नाही, तर ओळ थेट समोरच्या पडद्यावर येते. जो कुणी पडद्यासमोर बसला असेल त्याच्या पुढ्यात.

मावशींचं गुणगुणणं थांबलं.

धुलाईची यंत्रंही एकेक करून थांबली. फेरी संपली असावी.

पडद्यावर ओळ आली.

‘कोठून:            कुठे: तळघर, सर्व्हरची खोली            उत्तर: मिळालं’.

बारकीने ती वाचली. शेवटचा शब्द दुसऱ्यांदा वाचला. त्या खोलीत घंटी नव्हती. काही ऐकू आलं नव्हतं. आणि आपण तोंड उघडलेलं नाही, हे ती कुणाचीही शपथ घेऊन सांगू शकली असती.

“झालं बघ!” पाठीमागून वहिनीचा आवाज आला. ती दारात उभी होती, एक हात चौकटीवर ठेवून, कित्येक दिवसांनी खरंखुरं हसत. “मुलाने हात जोडले माझ्यापुढे. मोठ्या बाईंसमोर. तुला कधी एकदा सांगते असं झालं होतं, पण तू ‘आले, आले’ म्हणालीस ना, म्हणून इथेच थांबले.”

तिने खोलीभर नजर फिरवली.

“कुणाला म्हणत होतीस गं?”